बड फॉस्टर: एकाच विद्यापीठात ३३ हंगाम, आणि मुख्य प्रशिक्षक न होता घडलेली कारकीर्द

सह्यकडा

मी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचा माजी विद्यार्थी आहे आणि आजही त्याच राज्यात राहतो, त्यामुळे त्या विद्यापीठाच्या अमेरिकी फुटबॉल संघाचे प्रशिक्षक बड फॉस्टर यांच्याविषयी मी त्रयस्थपणे लिहीन अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. ते १९८७ साली विद्यापीठाच्या गावी, ब्लॅक्सबर्गला, आले आणि २०१९ चा हंगाम संपेपर्यंत तिथेच राहिले. या ३३ हंगामांपैकी शेवटचे २५ हंगाम संघाच्या बचावाची सूत्रे त्यांच्या हाती होती, आणि एवढ्या काळात ते एकदाही कोणत्याही संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले नाहीत. ज्या व्यवसायात साहाय्यक प्रशिक्षकाचे बिऱ्हाड कायम पाठीवर असते, मुख्य प्रशिक्षकाला डच्चू मिळाला की बाकीच्यांनाही गाशा गुंडाळावा लागतो, आणि काम चांगले झाले तर लगेच दुसरे विद्यापीठ जास्त पगार पुढे करते, त्या व्यवसायात ही कारकीर्द मला अजोड वाटते. ती कशी घडली आणि तिचे मोल नेमके कशात आहे, यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढतो आहे.

या खेळाशी परिचय नसलेल्यांसाठी थोडेसे. दोन्ही बाजूंचे ११-११ खेळाडू मैदानात असतात. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांना १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. तेवढे अंतर कापले की पुन्हा चार. चढाई करणारे आणि बचाव करणारे हे एकाच संघातले, पण पूर्णपणे वेगळे गट असतात. बचावाच्या गटाच्या प्रमुख प्रशिक्षकाला डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणतात. प्रत्येक संधीच्या आधी, काही सेकंदांत, समोरच्यांची मांडणी पाहून आपल्या ११ जणांनी कुठे उभे राहायचे आणि कोणी काय करायचे हे तो ठरवतो आणि मैदानाच्या कडेवरून खुणांनी कळवतो.

फॉस्टर यांचा जन्म १९५९ सालचा, केंटकीतल्या सॉमरसेटचा. ते लहानाचे मोठे झाले इलिनॉयमधल्या नोकोमिस या छोट्या गावात. केंटकीतल्याच मरे स्टेट विद्यापीठाकडून ते खेळत असताना फ्रँक बीमर तिथे बचावाचे प्रशिक्षक म्हणून आले. १९८१ मध्ये बीमर मुख्य प्रशिक्षक झाले आणि नुकतेच खेळणे संपलेल्या फॉस्टर यांना त्यांनी हाताशी घेतले. १९८७ मध्ये व्हर्जिनिया टेकने आपल्या या माजी खेळाडूला, म्हणजे बीमर यांना, बोलावून घेतले तेव्हा फॉस्टरही बरोबर आले. पहिल्या हंगामात संघाने दोन सामने जिंकले आणि नऊ गमावले. १९९२ मध्ये, म्हणजे सहाव्या वर्षी, पुन्हा दोनच विजय, आठ पराभव आणि एक बरोबरी. आजच्या काळात अशा प्रशिक्षकाला सातवे वर्ष कोणी दिले नसते. विद्यापीठाने बीमर यांना ठेवून घेतले, साहाय्यकांत मात्र मोठे फेरबदल झाले, आणि फॉस्टर त्यातून टिकले. १९९३ मध्ये नऊ विजय मिळाले, हंगामानंतरच्या बोल सामन्याचे निमंत्रण आले, आणि तेव्हापासून २०१९ पर्यंत ते सलग २७ वर्षे येत राहिले.

१९९५ मध्ये फॉस्टर आणि रॉड शार्पलेस यांच्याकडे मिळून बचावाची जबाबदारी आली. पुढच्या वर्षापासून ती एकट्या फॉस्टर यांची झाली. १९९५ चे पहिले दोन्ही सामने संघ हरला. तिसरा सामना मायामीशी होता, ज्यांना व्हर्जिनिया टेकने तोवर कधीही हरवले नव्हते. तो १३-७ असा जिंकला आणि तिथून सलग दहा विजय झाले; त्यांतला दहावा शुगर बोलमध्ये टेक्ससवर मिळवलेला २८-१० असा विजय होता.

जेवणाचा डबा आला तो याच हंगामात. शार्पलेस यांच्या सासूबाईंमार्फत एका खाणकामगाराचा जुना पत्र्याचा डबा मिळाला आणि तो बचावाच्या गटाचे मानचिन्ह झाला. ब्लॅक्सबर्ग अ‍ॅपलेशियन डोंगरांत आहे, आणि तिथून पश्चिमेला गेले की कोळशाचा पट्टा लागतो. सकाळी डबा घेऊन खाणीत उतरायचे, दिवसभर राबायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरायचे, हे त्या भागातल्या घरांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. डब्यात गटाचे ध्येयपत्रक आणि त्या आठवड्याची उद्दिष्टे ठेवलेली असत. सामन्याला निघताना एक खेळाडू तो हातात घेऊन जाई, आणि तो मान सरावात कमवावा लागे.

आता त्यांच्या पद्धतीविषयी, कारण माझ्या मते खरे मर्म तिथे आहे. बीमर यांच्या काळात संघाने आठ जण पुढे ठेवणारा बचाव बसवला होता: चार जण समोरच्या रांगेत, त्यांच्या मागे आणि बाजूला आणखी चार. फॉस्टर यांनी त्यातल्या दोन जागा अशा घडवल्या, की त्या खेळाडूला अर्धा लाइनबॅकर, म्हणजे पहिल्या रांगेच्या मागे उभा राहणारा बचावपटू, आणि अर्धा मागचा रक्षक असावे लागे. एका जागेचे नाव व्हिप, दुसरीचे रोव्हर. शिवाय फ्री सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागे दिसणारा रक्षक, खरे तर मागे राहण्यासाठी नसेच. चेंडू हातात घेऊन पळण्याचा डाव आहे असे दिसताच तो पुढे धावून नववा माणूस होत असे. समोरच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे चढाईचा डाव चालवणाऱ्या आणि चेंडू फेकणाऱ्या खेळाडूने, आठ मोजावेत आणि गाठ नवव्याशी पडावी, हा या रचनेचा गाभा होता. यात जोखीम उघड आहे, कारण फ्री सेफ्टी फसला की मागे कोणीच उरत नाही आणि कडेचे दोन्ही कॉर्नरबॅक एकटे पडतात. म्हणून त्या जागांवर त्यांना निर्भय मुले लागत. डीअँजेलो हॉल, ब्रँडन फ्लॉवर्स, काइल फुलर, केंडल फुलर ही सगळी त्याच मुशीतली.

या बचावाची उंची १९९९ मध्ये दिसली. त्या वर्षीचा आपला क्वार्टरबॅक मायकेल व्हिक सगळ्यांना आठवतो. कोरी मूर फार थोड्यांना आठवतो. कडेने धडक मारणाऱ्या खेळाडूच्या मानाने तो अंगापिंडाने लहान होता, पण त्या वर्षी लोम्बार्डी आणि नागुर्स्की हे दोन्ही मोठे पुरस्कार त्याने मिळवले. सिराक्यूजसारख्या मानांकित संघाला ६२-० असे हरवले गेले. सरासरी १०.५ गुण देणारा हा बचाव देशात पहिला होता. राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात फ्लोरिडा स्टेटविरुद्ध तिसऱ्या सत्राअखेर आपण २९-२८ असे पुढे होतो, आणि ४६-२९ असे हरलो. २००६ मध्ये कमीत कमी यार्ड आणि कमीत कमी गुण देण्यात त्यांचा बचाव पुन्हा देशात पहिला आला, आणि देशातल्या सर्वोत्तम साहाय्यक प्रशिक्षकाला दिला जाणारा ब्रॉइल्स पुरस्कार त्यांना मिळाला.

माझे म्हणणे एवढेच आहे, की व्यावसायिक संघातला प्रशिक्षक एकाच खेळाडूला आठ-दहा वर्षे घडवू शकतो, पण कॉलेजमध्ये मुले चार-पाच वर्षांत निघून जातात. १९९९ च्या बचावातले कोणीही २००६ मध्ये नव्हते, आणि २००६ मधले कोणीही २०१४ मध्ये नव्हते. टिकून राहिल्या त्या जागा, त्या जागांची कामे आणि ती शिकवणारा माणूस. २५ वर्षे दर उन्हाळ्यात अठरा वर्षांच्या नव्या मुलांना तेच काम पहिल्यापासून शिकवणे, आणि ते देशात पहिल्या दर्जाचे ठेवणे, याला मी मोठे कर्तृत्व मानतो.

अबोली

लेख आवडला. मी हा खेळ फक्त मुलामुळे पाहू लागले, त्यामुळे व्हिप आणि रोव्हर म्हणजे काय ते आज प्रथमच नीट उमगले. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक म्हणजे, इतके यश मिळूनही ते मुख्य प्रशिक्षक का झाले नाहीत? आपल्याकडे कोणी ३३ वर्षे दुसऱ्या क्रमांकावर राहिले, तर लोक त्याच्यात काही कमी होते असेच धरून चालतात. दुसरे म्हणजे, पद्धत मुळात बीमर यांची असेल, तर फॉस्टर यांचे स्वतःचे श्रेय त्यात किती?

सह्यकडा

अबोली, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. आठ जण पुढे ठेवण्याचा आग्रह बीमर यांचा होता, आणि १९९५ पूर्वीच्या बचाव प्रशिक्षकांचाही त्यात वाटा होता. पण बीमर स्वतः लक्ष घालत ते प्रामुख्याने किकच्या खेळात. प्रतिस्पर्ध्याच्या किक अडवून त्यांतून गुण मिळवणे ही त्यांची ख्याती होती. बचावाचा रोजचा कारभार फॉस्टर पाहत. २०१६ पासून जस्टिन फुएन्टे मुख्य प्रशिक्षक झाले, तेव्हा त्यांनी स्वतःची माणसे आणली, पण फॉस्टर यांना राहण्याची विनंती केली. नवा मुख्य प्रशिक्षक जुन्या कोऑर्डिनेटरला ठेवून घेतो, असे सहसा घडत नाही. त्या पहिल्याच वर्षी बेल्क बोलमध्ये आर्कान्सॉविरुद्ध मध्यंतराला आपण २४-० असे मागे होतो. दुसऱ्या अर्ध्यात बचावाने एकही गुण दिला नाही आणि सामना ३५-२४ असा जिंकला.

पहिल्या प्रश्नाबाबत मी त्यांच्या मनात शिरू शकत नाही, पण इतरांचे काय झाले ते पाहता येते. १९८७ मध्ये व्हर्जिनिया टेकच्या बचावाचे प्रमुख रॉन झूक होते आणि फॉस्टर त्यांच्या हाताखाली होते. झूक पुढे फ्लोरिडाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि तिसऱ्या हंगामाच्या मध्यावरच त्यांना काढल्याचे जाहीर झाले. ब्रेंट व्हेनबल्स यांनी क्लेम्सनच्या बचावात दहा हंगाम गाजवले. ओक्लाहोमाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांच्या पहिल्या हंगामात सहा विजय आणि सात पराभव झाले. याच्या उलट कर्बी स्मार्ट आहेत, ज्यांनी अलाबामाचा बचाव सांभाळला आणि नंतर जॉर्जियाला २०२१ व २०२२ अशी दोन विजेतेपदे मिळवून दिली. म्हणजे दोन्ही घडते. मुख्य प्रशिक्षकाचा बराचसा वेळ देणगीदार, माजी विद्यार्थी, पत्रकार आणि नव्या मुलांचे पालक यांच्यात जातो. ज्याला लाइनबॅकरच्या पायांची ठेवण सुधारण्यात रस आहे, त्याने तो वेळ वाचवला तर त्यात काही कमी होते असे मी मानणार नाही.

मला खरोखर खटकते ती वेगळीच गोष्ट. कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेमच्या नियमानुसार प्रशिक्षक म्हणून निवड होण्यासाठी मुख्य प्रशिक्षक म्हणून किमान १० वर्षे आणि १०० सामने लागतात. बीमर २०१८ मध्ये तिथे गेले आणि ते अगदी योग्य झाले. फॉस्टर यांचा मात्र प्रशिक्षक म्हणून तिथे विचारसुद्धा होऊ शकत नाही. २५ हंगाम अर्धा संघ ज्याने चालवला त्याला जागाच नसेल, तर तो नियम बदलला पाहिजे.

डावा कोपरा

मी एका शाळेच्या कबड्डी संघाला शिकवतो. अमेरिकी फुटबॉल मी फारसा पाहिलेला नाही, पण हा लेख वाचताना पदोपदी ओळखीचे काही सापडत गेले. आमच्याकडे कोपरारक्षक आणि मध्यरक्षक यांची साखळी असते. चढाईपटू आत आला की कोपऱ्याने घोटा धरायचा आणि शेजारच्याने त्याच क्षणी झेप घ्यायची; एक जण आधी सुटला तर साखळीत भगदाड पडते आणि चढाईपटू सगळ्यांना बाद करून परत जातो. फ्री सेफ्टी पुढे धावून आल्यावर मागे कोणी उरत नाही, ही जोखीम मला त्यामुळे लगेच समजली.

माझा प्रश्न शिकवण्याविषयी आहे. माझी मुले दहावी झाली की जातात, आणि जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. जुनी मुले गेल्यावर सर्वांत जड काय जाते, तर अंगचे कौशल्य नव्हे, कारण ते नव्या मुलांतही असते. जाते ती एकमेकांवरची भिस्त. शेजारचा येणारच, या खात्रीवर घोटा धरायचा असतो. ती खात्री फॉस्टर दरवर्षी नव्याने कशी तयार करत असत?

सह्यकडा

सर, प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे. तिथल्या नियमांनी प्रशिक्षकाचे हात बरेच बांधलेले असतात, कारण हंगामात खेळाडूकडून आठवड्याला २० तासांहून अधिक सराव करून घेता येत नाही. एक सवलत मात्र होती: मुलाला पाच वर्षांत चार हंगाम खेळता येत, त्यामुळे पहिले वर्ष त्याला न खेळवता नुसते शिकू देता येई. फॉस्टर यांच्या काळात अनेक मुले तसे एक वर्ष घालवत. त्या वर्षात आपल्याच जागेवर तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा मुलगा काय करतो हे ती पाहत, आणि पुढे स्वतः त्या जागी उभी राहत. म्हणजे शिकवण्याचे निम्मे काम वरच्या वर्गातली मुलेच करत.

दुसरे कारण म्हणजे शिकवणारी माणसे बदलत नव्हती. बचावाच्या पहिल्या रांगेचे प्रशिक्षक चार्ली वाइल्स १९९६ पासून २०१९ पर्यंत तिथेच होते, आणि तेही मूळचे मरे स्टेटचेच. टोरियन ग्रे १९९० च्या दशकात याच बचावात खेळले आणि २००६ ते २०१५ या काळात त्यांनी मागच्या रक्षकांना शिकवले. खेळाडूला प्रत्येक प्रशिक्षकाकडून एकच भाषा ऐकू येत असे. एखाद्या खुणेचा अर्थ २००१ मध्ये जो होता तोच २०११ मध्ये असेल, तर वरच्या वर्गातल्या मुलाला खालच्याला ती शिकवता येते. कोऑर्डिनेटर दर दोन वर्षांनी बदलला, की चौथ्या वर्षाचा मुलगाही पुन्हा नवशिका होतो.

तिसरे, कामाची वाटणी स्पष्ट असे. समोरच्या रांगेत दोन खेळाडूंमध्ये जी फट असते, ती प्रत्येकी एकेकाच्या नावावर असे. आपली फट सोडून दुसऱ्याच्या मदतीला धावून जाणे चूक, मग त्या धावेतून एखादा चांगला झेल किंवा पकड झाली तरीही. तुमच्या साखळीतल्यासारखीच ही शिस्त आहे, असे मला वाटते.

पूर्वकिनारा

मी नॉरफोकला राहतो. लेखातली माहिती बरोबर आहे आणि फॉस्टर यांच्याविषयी मलाही आदर आहे, पण चित्र एकाच बाजूने रंगवले गेले आहे. २००३ मध्ये संघाने पहिले सहा सामने जिंकले आणि उरलेल्या सातांपैकी पाच गमावले. अखेरच्या सामन्यात आपण ४९ गुण केले आणि बचावाने कॅलिफोर्नियाला ५२ दिले. त्या दिवशी समोर पुढे व्यावसायिक खेळात नाव कमावलेला क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स होता हे खरे, पण तो तेव्हा विद्यार्थीच होता. २०१५ मध्ये बीमर यांचा निरोपाचा सामना तल्साविरुद्ध ५५-५२ असा सुटला, म्हणजे फॉस्टर यांच्या बचावाने पुन्हा ५२ दिले. आणि सप्टेंबर २०१८ मध्ये आमच्या गावच्या ओल्ड डोमिनियन विद्यापीठाने, ज्यांचा फुटबॉल संघ २००९ मध्ये पुन्हा उभा राहिला आणि ज्यांनी त्या हंगामात तोवर एकही सामना जिंकला नव्हता, व्हर्जिनिया टेकला ४९-३५ असे हरवले. त्याच वर्षी पिट्सबर्गने ५२-२२ असे धुतले. माझ्या मते चढाईची पद्धत बदलली होती. मैदानाच्या पूर्ण रुंदीवर खेळाडू पसरायचे आणि वेग वाढवून बचावाला श्वास घेऊ द्यायचा नाही, या नव्या खेळापुढे आठ जण पुढे ठेवणारी रचना कालबाह्य झाली, आणि फॉस्टर तिला चिकटून राहिले.

सह्यकडा

पूर्वकिनारा, तुम्ही दिलेले सगळे आकडे खरे आहेत, आणि ते सामने पाहताना झालेला त्रास मी विसरलेलो नाही. निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

पसरलेल्या चढाईचा प्रश्न कॉलेजच्या मैदानात अधिक तीव्र होतो याचे एक साधे कारण आहे. मैदान १६० फूट रुंद असते. खेळ जिथून सुरू होतो त्या खुणांच्या दोन रेषांत कॉलेजमध्ये ४० फुटांचे अंतर असते. व्यावसायिक खेळात ते १८ फूट ६ इंच असते. चेंडू एका रेषेवर ठेवला की एका बाजूला ६० फूट आणि दुसऱ्या बाजूला १०० फूट मोकळे राहतात. त्या १०० फुटांत तीन-चार वेगवान मुले पसरली तर कोणत्याही बचावाची दमछाक होते. फॉस्टर यांनी यावर काढलेला मार्ग म्हणजे व्हिपच्या जागी हळूहळू पाचवा मागचा रक्षक आणणे. १९९५ ची रचना आणि २०१७ ची रचना शेजारी ठेवली, तर जागांची नावे बरीचशी तीच दिसतात, पण त्या जागांवरची मुले अधिक सडपातळ आणि अधिक वेगवान झालेली दिसतात. याला चिकटून राहणे म्हणता येणार नाही.

याचा सर्वांत ठळक पुरावा ६ सप्टेंबर २०१४ चा आहे. कोलंबसमध्ये, ओहायो स्टेटच्या घरच्या मैदानावर, त्यांनी नेहमीची मांडणी बाजूला ठेवली. पहिल्या रांगेचे खेळाडू समोरच्या मधल्या तिघांच्या, म्हणजे सेंटर आणि दोन्ही गार्ड यांच्या, थेट डोक्यावर उभे केले, आणि मागे राखणीला बहुतेक वेळा कोणालाच ठेवले नाही. कॉर्नरबॅकने आपापला माणूस एकट्याने सांभाळायचा. मधली वाट बंद झाल्यामुळे धावण्याचा डाव चालेना, आणि चेंडू लांब फेकावा तर क्वार्टरबॅकला तेवढा वेळ मिळेना. जे. टी. बॅरेटने २९ वेळा चेंडू फेकला, त्यांतले नऊच फेक पूर्ण झाले; सात वेळा तो मागेच पाडला गेला आणि तीन फेक आपल्या मुलांनी पळवले. शेवटचा डोनोव्हन रायलीने ६३ यार्ड धावत जाऊन टचडाउनमध्ये बदलला. सामना ३५-२१. ओहायो स्टेटचा त्या हंगामातला तो एकमेव पराभव, कारण पुढचे सगळे सामने जिंकून ते राष्ट्रीय विजेते झाले. पसरलेल्या चढाईत तेव्हा देशात त्यांच्या तोडीचे फारसे कोणी नव्हते, आणि तिचे उत्तर १९८० च्या दशकातल्या एका जुन्या मांडणीतून काढले गेले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वेक फॉरेस्टविरुद्ध चारही सत्रे संपली तेव्हा धावफलक ०-० होता, आणि जादा वेळेत आपण ६-३ असे हरलो. तो पराभव मी फॉस्टर यांच्या खात्यावर मांडू शकत नाही. २०१८ विषयी बोलायचे तर ट्रिमेन आणि टेरेल एडमंड्स हे भाऊ त्याच वर्षी मुदतीआधी व्यावसायिक खेळात गेले आणि दोघेही व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत पहिल्याच फेरीत निवडले गेले. आणखीही जुने गडी गेले होते. वर डावा कोपरा यांनी म्हटलेली भिस्त एका उन्हाळ्यात नाहीशी झाली. ती परत आणायला त्यांना एक वर्ष लागले. ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांनी हा आपला शेवटचा हंगाम असल्याचे जाहीर केले. सप्टेंबरअखेर ड्यूकने आपल्याला घरच्या मैदानावर ४५-१० असे हरवले, आणि आता सगळे संपले असे बोलले जाऊ लागले. नोव्हेंबरमध्ये जॉर्जिया टेकवर ४५-० आणि लगेच पुढच्या आठवड्यात, लेन स्टेडियम या आपल्या घरच्या मैदानावरच्या त्यांच्या अखेरच्या सामन्यात, पिट्सबर्गवर २८-०. ज्या पिट्सबर्गने आदल्या वर्षी ५२ गुण केले होते, तेच हे पिट्सबर्ग.

पूर्वकिनारा

२०१४ आणि २०१९ चे मुद्दे मान्य आहेत. पण त्या २८-० नंतर व्हर्जिनिया विद्यापीठाकडून ३९-३० असा पराभव झाला आणि त्यांच्यावरच्या १५ विजयांची मालिका तुटली, तर बेल्क बोलमध्ये केंटकीने अखेरच्या काही सेकंदांत ३७-३० असे हरवले, हेही नोंदलेले असावे.

गोरेगावची

या धाग्यात २००७ चा उल्लेख कोणी केलेला नाही, म्हणून लिहिते. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेकच्या आवारात झालेल्या गोळीबारात ३२ जण मारले गेले. त्यात मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगी होती आणि स्थापत्य अभियांत्रिकीचे एक भारतीय प्राध्यापकही होते. त्या वर्षी माझा भाऊ अमेरिकेत शिकत होता, आणि ती बातमी आमच्या घरात कशी ऐकली गेली ते मी इथे लिहू शकणार नाही. नंतर वाचनात आले, की त्या हंगामात फॉस्टर यांच्या गटाने त्या ३२ जणांची नावे आपल्या डब्यात ठेवली होती. मला फुटबॉल कळत नाही. पण त्या मुलीचे नाव तिथल्या खेळाडूंनी आपल्याबरोबर मैदानात नेले, हे मला फार मोलाचे वाटले होते आणि आजही वाटते.

सह्यकडा

गोरेगावची, तुम्ही हे लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. त्या घटनेनंतरचा घरच्या मैदानावरचा पहिला सामना १ सप्टेंबरला ईस्ट कॅरोलिनाशी झाला आणि आपण १७-७ असा जिंकला. खेळ म्हणून तो काही चांगला झाला नाही. पुढच्याच आठवड्यात एलएसयूने, म्हणजे लुइझियाना स्टेटने, ४८-७ असे चिरडले. त्यानंतर मात्र संघ सावरला आणि बोस्टन कॉलेजला ३०-१६ असे हरवून एसीसीचा, म्हणजे आपल्या विद्यापीठांच्या गटाचा, विजेता झाला. डब्यातली नावे हंगामभर बरोबर होती.

अबोली

एक शेवटची शंका. आता खेळाडूंना पैसे घेता येतात आणि विद्यापीठही सहज बदलता येते, असे मुलगा सांगतो. मग असा बचाव पुन्हा कोणाला उभा करता येईल का?

सह्यकडा

अबोली, २०२१ पासून दोन्ही गोष्टी झाल्या आहेत, आणि खेळाडूंना पैसे मिळणे हे न्याय्यच आहे. त्यांच्या कष्टांवर इतरांनी बरीच वर्षे कमाई केली. पण वर्षभर नुसते शिकण्याची तयारी असलेला मुलगा आता टिकवणे कठीण झाले आहे. २०२१ च्या अखेरीस व्हर्जिनिया टेकने ब्रेंट प्राय यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. ते १९९५ पासून काही वर्षे याच संघात फॉस्टर यांच्या हाताखाली उमेदवारी केलेले होते, म्हणजे पद्धत जाणणारा माणूस परत आणला गेला. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये, पहिले तीन सामने हरल्यावर, त्यांना काढले गेले.

मला या संदर्भात कोडी ग्रिम आठवतो. तो शिष्यवृत्ती नसताना संघात आला, पहिले वर्ष बाहेर बसला, मग किकच्या खेळात धावला, आणि पाचव्या वर्षी, २००९ मध्ये, व्हिपच्या जागेवर पूर्णवेळ खेळून देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत गेला. आजच्या व्यवहारात तो तिसऱ्या वर्षीच दुसरीकडे गेला असता, आणि त्यात त्याचा दोष नसता. असा बचाव पुन्हा उभा राहायचा असेल, तर प्रशिक्षकाला निदान वरच्या वर्गातली पाच-सहा मुले धरून ठेवता आली पाहिजेत. ते आज पैशांवाचून होणार नाही, आणि नुसत्या पैशांनीही होणार नाही.

तुमच्या मुलाबरोबर पाहायचाच असेल तर २०१४ चा ओहायो स्टेटचा सामना पाहा, आणि प्रत्येक डाव सुरू होण्याच्या आधी मागचे रक्षक कुठे उभे आहेत तेवढ्यावर नजर ठेवा. डावा कोपरा, तुम्हीही पाहावा असे वाटते. तुमचे मत इथे वाचायला आवडेल.

डावा कोपरा

रविवारी मुलांना घेऊन पाहतो आणि लिहितो.